बायोस नवं, प्रोसेसर मंद: हे होतं कसं?

२०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत जगभरातल्या अनेक लोकांनी आपापल्या मदरबोर्डचं बायोस अपडेट केलं, संगणक पुन्हा सुरू केला, नेहमीची चाचणी लावली आणि आकडा घसरलेला पाहिला. प्रोसेसर तोच, रॅम तीच, कुलरही तोच. यातले बरेच जण इंटेलचे कोअर आय९-१३९००के किंवा १४९००के वापरणारे होते. आपल्याकडे तेव्हा या एकट्या चिपची किंमत पन्नास हजारांच्या वर जात होती, म्हणजे चिडचिड होणारच. अपडेट म्हणजे सुधारणा अशी आपली समजूत. इथे तर पदरचं काढून नेल्यासारखं झालं.

वेग गेला, असं आपण सरसकट म्हणतो. पण कधी आपलंच एखादं सेटिंग पुसलं गेलेलं असतं, कधी बोर्डाने परस्पर दिलेली ढील आवळलेली असते, आणि कधी प्रोसेसरमधली एखादी चूक झाकण्यासाठी त्याच्या कामाची पद्धतच बदललेली असते. पहिल्या प्रकारातला वेग पाच मिनिटांत परत मिळतो. दुसऱ्या प्रकारात गेलेला वेग बऱ्याचदा प्रोसेसरच्या कंपनीने आपल्याला विकलेलाच नसतो. हे नीट कळायचं तर प्रोसेसर स्वतःचा वेग कसा ठरवतो तिथपर्यंत जावं लागतं.

मदरबोर्डवर आठ पायांची एक चिमुकली चिप असते. तिच्यात जागा साधारण १६ किंवा ३२ मेगाबाइट. बटण दाबल्यापासून विंडोज किंवा लिनक्स उभं राहीपर्यंत जे काही घडतं, ते या चिपमधल्या प्रोग्रॅममुळे. त्याचं आजचं नाव यूईएफआय. बोलण्यात मात्र बायोस हेच टिकून आहे. हा प्रोग्रॅम रॅमच्या पट्ट्या ओळखतो आणि किती वेगाने त्यांच्याशी बोलता येईल हे आजमावून ठरवतो. प्रोसेसरला किती वॅट आणि किती अँपिअरपर्यंत जाता येईल, ते लिहून देतो. आणि प्रोसेसरमध्ये मायक्रोकोड भरतो.

हा मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसरच्या आतली नियमावली. कारखान्यात ती चिपमध्येच कोरलेली असते, पण नंतर चूक सापडली तर तिच्यावर ठिगळ लावता येतं. हे ठिगळ कायमचं बसत नाही. वीज गेली की पुसलं जातं आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना बायोस ते पुन्हा भरतं. याच गाठोड्यात वीज आणि व्होल्टेज सांभाळणाऱ्या आतल्या नियंत्रकाचे नियमही येतात. त्यामुळे मायक्रोकोड बदलला की प्रोसेसर किती व्होल्टेज मागतो हेसुद्धा बदलू शकतं. पुढच्या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे.

आधी साधं कारण निकालात काढू, कारण बहुतेक घरांत तेच निघतं. बायोस अपडेट झालं की आपण हाताने केलेली सेटिंग्ज बहुधा पुसली जातात आणि सगळं मूळपदावर येतं. रॅमच्या खोक्यावर ३२०० किंवा ६००० असा आकडा असतो, पण तो वेग आपोआप मिळत नाही. एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाचं प्रोफाइल बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. अपडेटनंतर ते बंद होतं, आणि डीडीआर४ ची ३२०० ची पट्टी २१३३ किंवा २६६६ वर, तर डीडीआर५ ची ६००० ची पट्टी ४८०० वर चालू लागते. गेममधल्या फ्रेम घटतात, मोठी फाइल झिप करायला जास्त वेळ लागतो, आणि दोष प्रोसेसरच्या माथी येतो. ग्राफिक्स कार्डासाठीचं रिसायझेबल बार, व्हर्च्युअलायझेशन, पंख्यांचे वेग हेही असंच बदलू शकतं. व्हर्च्युअलायझेशन बंद झालं की मोबाइलचा इम्युलेटर रांगू लागतो किंवा सुरूच होत नाही. पंखे हळू झाले की प्रोसेसर तापतो आणि तापला की वेग आवरतो. म्हणून अपडेटआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त विमा. आणखी एक: विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर अपडेटनंतर ती रिकव्हरी की मागू शकते. ती आधी शोधून ठेवलेली बरी.

हे सगळं जागच्या जागी बसवूनही आकडा खालीच राहिला, तर मामला विजेचा आहे.

प्रोसेसरला लागणारी वीज ढोबळमानाने वारंवारतेच्या, म्हणजे क्लॉकच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. क्लॉक तसाच ठेवून व्होल्टेज दहा टक्के वाढवलं तर वीज एकवीस टक्के वाढते. आणि क्लॉक वाढवायचा तर व्होल्टेज वाढवणं भागच असतं. दोन्ही दहा-दहा टक्के वाढले की वीज तेहतीस टक्के वाढते. म्हणून वरच्या टोकाचे शेवटचे काही मेगाहर्ट्झ भयंकर महाग पडतात. २०२२ मध्ये १३९००के बाजारात आणताना इंटेलनेच दावा केला होता, की हा प्रोसेसर ६५ वॅटवर चालवला तरी आदल्या पिढीच्या १२९००केची २४१ वॅटवरची कामगिरी गाठतो. त्याच १३९००केला मात्र कमाल २५३ वॅट दिले होते. का? कारण परीक्षणांच्या तक्त्यात वरचा नंबर त्या शेवटच्या टोकावर ठरतो.

चिपचा प्रत्येक नग वेगळा असतो. अमुक क्लॉकला तमुक व्होल्टेज, असा प्रत्येक नगाचा तक्ता कारखान्यात तपासून त्याच्यातच नोंदवलेला असतो. काम आलं की प्रोसेसर तो तक्ता पाहतो आणि मदरबोर्डवरच्या व्होल्टेज रेग्युलेटरकडे हवं तेवढं व्होल्टेज मागतो. ही मागणी सेकंदाला असंख्य वेळा बदलते. तिच्यावर पहारे असतात. एक मर्यादा लांब पल्ल्याच्या कामासाठी, तिला पीएल१ म्हणतात. दुसरी थोड्या वेळाच्या उसळीसाठी, ती पीएल२. ही उसळी किती टिकावी याची मुदत साधारण अर्धा ते एक मिनिट. शिवाय करंटची कमाल मर्यादा, आणि तापमानाची: शंभर अंश सेल्सिअस. आय९ मध्ये आणखी एक अट आहे. १३९००केची ५.८ किंवा १४९००केची ६ गिगाहर्ट्झची धाव चिप ७० अंशांच्या आत असेपर्यंतच मिळावी, असा नियम आहे. यातला जो पहारा आधी आडवा येईल, त्याच्यापाशी वेग थांबतो.

साध्या घरात दिसणारं उदाहरण कोअर आय५-१३४०० चं. याचा पीएल१ ६५ वॅट आणि पीएल२ १४८ वॅट. अनेक बोर्डांवर पीएल१ ची मर्यादा मोकळी सोडलेली असते, त्यामुळे प्रोसेसर तासन्‌तास उसळीच्या वेगाने धावतो. मालकाला तोच त्याचा नैसर्गिक वेग वाटतो. एके दिवशी अपडेट येतं आणि बोर्ड ६५ वॅटची मूळ मर्यादा लावतं. आता व्हिडिओ रेंडर करताना पहिलं अर्धं मिनिट सगळं झकास आणि त्यानंतर क्लॉक खाली. छोटी चाचणी लावली तर फरक दिसतच नाही. दहा मिनिटांची लावली की दिसतो. तक्रार खरी असते, पण कंपनीच्या कागदावर मात्र हा प्रोसेसर ६५ वॅटचाच होता.

मर्यादा मोकळी सोडणं म्हणजे काय, तर बोर्ड त्या रकान्यात ४०९५ वॅट लिहून टाकतं. हा आकडा कुणी विचार करून काढलेला नाही. पंधरा बिटांच्या जागेत एक-अष्टमांश वॅटच्या हिशेबाने मावणारी ती सर्वांत मोठी पूर्ण संख्या आहे. करंटच्या रकान्यातही असंच ५११ अँपिअरच्या पुढे लिहिलेलं सापडायचं. या मर्यादा हटवण्याच्या शर्यतीत जवळजवळ सगळेच बोर्ड बनवणारे होते, कारण एकाच प्रोसेसरवर दोन बोर्डांची तुलना करताना दोन टक्के जास्त देणारं बोर्ड विकलं जायचं. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीलाही परीक्षणातले वरचे आकडे नकोसे नव्हते. वर्षानुवर्षं ही सोयीची डोळेझाक चालली.

आता व्होल्टेजची एक गोष्ट, जी सहसा कुणी समजावून सांगत नाही. रेग्युलेटरपासून प्रोसेसरच्या गाभ्यापर्यंत वीज पोचताना वाटेत थोडी घट होते. गल्लीत सगळ्यांनी एकदम नळ सोडले की शेवटच्या घरी धार बारीक होते, तसंच हे. करंट जितका जास्त तितकी घट जास्त. वाटेचा रोध १.१ मिलिओहम धरला आणि करंट २०० अँपिअर, तर ०.२२ व्होल्टची घट येते, आणि जिथे सगळा खेळ सव्वा ते दीड व्होल्टमध्ये चालतो तिथे ही मोठी रक्कम आहे. म्हणून बायोस प्रोसेसरला आधीच सांगून ठेवतं, की वाटेत एवढी घट होणार आहे, तेवढं जास्त माग. या आकड्याला एसी लोडलाइन म्हणतात. बोर्ड बनवणाऱ्यांनी इथेही हात चालवला. हा आकडा कमी सांगितला की प्रोसेसर कमी व्होल्टेज मागतो, कमी तापतो, आणि त्याच वॅटमध्ये जास्त क्लॉक गाठतो. उत्तम निघालेल्या नगावर ही युक्ती बिनबोभाट चालते. काठावर पास झालेल्या नगावर जोराचं काम आलं की व्होल्टेज अपुरं पडतं आणि गणित चुकतं.

नव्या बायोसमध्ये हा आकडा इंटेलच्या शिफारशीप्रमाणे केला की उलटा परिणाम दिसतो. प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागतो, आधीपेक्षा जास्त तापतो, शंभर अंशांना किंवा २५३ वॅटला लवकर टेकतो, आणि क्लॉक खाली येतो. ‘अपडेटनंतर तापमानही वाढलं आणि वेगही घटला’ ही तक्रार ऐकायला विसंगत वाटते, पण तिच्यामागे बहुधा हेच असतं.

याहून फसवा प्रकार क्लॉक तसाच दिसून काम कमी होण्याचा. प्रोसेसरमध्ये सीईपी नावाची एक सुरक्षा आहे. मागितल्यापेक्षा व्होल्टेज फार खाली गेलेलं तिला दिसलं, की चूक होऊ नये म्हणून ती घड्याळाचे ठोके क्षणभर ताणते. पडद्यावर ५.५ गिगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्ष पडलेले ठोके त्याहून कमी असतात. अनेक बोर्डांनी ही सुरक्षा बंद करून ठेवली होती. इंटेलच्या मूळ सेटिंग्जमध्ये ती चालू आहे. ज्यांनी हाताने व्होल्टेज कमी केलेलं होतं, त्यांनी नव्या बायोसवर तेच आकडे पुन्हा घातले तर चाचणीचा निकाल धाडकन कोसळू शकतो आणि क्लॉकचा आकडा जागचा हलतही नाही. एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ असा वेगळा रकाना असतो. पूर्ण भाराखाली तो नेहमीच्या क्लॉकपेक्षा बराच खाली दिसला, तर ठोके ताणले जात आहेत असं समजावं. उपाय सोपा: व्होल्टेजची कपात थोडी कमी करून पाहावी.

एवढी तयारी झाल्यावर २०२४ चं प्रकरण समजायला सोपं जातं.

त्या वर्षाच्या सुरुवातीला ‘टेकन ८’, ‘फोर्टनाइट’ यांसारखे अनरिअल इंजिनवरचे गेम १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरवर बंद पडू लागले. पडद्यावर संदेश यायचा ग्राफिक्स कार्डाची मेमरी अपुरी असल्याचा, आणि तोही चोवीस जीबीच्या कार्डावर. लोकांनी कार्डं बदलून पाहिली. खरा दोष सापडला तो दाबून भरलेला डेटा उलगडण्याच्या टप्प्यावर. गेम सुरू होताना शेडर तयार करण्याचं काम प्रोसेसरच्या सगळ्या कोअरवर जोरात चालतं, आणि उलगडलेला डेटा बरोबर आहे की नाही हे लगेच तपासलं जातं. इतर कामांत एखादा बिट चुकला तर पचून जातो, इथे पकडला जातो. ते तंत्र बनवणाऱ्या रॅड गेम टूल्सने जाहीरपणे सांगितलं, की चूक आमच्या प्रोग्रॅममध्ये नाही, प्रोसेसरमध्ये आहे.

सुरुवातीला बोट बोर्डांकडे गेलं. मर्यादा मोकळ्या सोडल्याचा दोष त्यांच्यावर आला आणि एकापाठोपाठ एक कंपन्यांनी ‘बेसलाइन’ नावाचं प्रोफाइल असलेलं बायोस काढलं. घाई अशी झाली, की एकेका कंपनीचं बेसलाइन वेगळं. कुणी २५३ वॅटची मर्यादा ठेवली, कुणी त्याहून बरीच खाली आणली, कुणी व्होल्टेज वाजवीपेक्षा जास्त वाढवून ठेवलं. तोच प्रोसेसर दोन बोर्डांवर दोन वेगवेगळ्या प्रमाणात मंदावला तो यामुळे. नंतर इंटेलने ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ या नावाने आकडे ठरवून दिले आणि गोंधळ आवरला. माझ्या मते वापरणाऱ्यांचा राग इथे पूर्ण रास्त होता. मर्यादा लावणं बरोबर, पण कोणती मर्यादा आणि का लावली हे बायोससोबतच्या टिपणात एका ओळीत गुंडाळणं बरोबर नव्हतं.

पण बोर्डं एकटी दोषी नव्हती. सर्व्हरसाठी वापरल्या जाणाऱ्या, मर्यादा सांभाळून चालणाऱ्या बोर्डांवरही हे प्रोसेसर अस्थिर होत असल्याचं पुढे आलं. २२ जुलै २०२४ ला इंटेलने कबूल केलं, की मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. सप्टेंबरअखेरीस पूर्ण निदान आलं. कोअरमधल्या घड्याळाचे ठोके वाटणाऱ्या मंडलाचा एक भाग जास्त व्होल्टेज आणि तापमानात लवकर म्हातारा होतो. ठोक्याच्या उच्च आणि नीच भागांचं प्रमाण बिघडतं. मग जे काम आधी ठरावीक व्होल्टेजवर नीट व्हायचं, त्याला जास्त व्होल्टेज लागू लागतं. कारखान्यातला तक्ता मात्र जुनाच, त्यामुळे मागणी कमी पडते आणि संगणक कोलमडतो. या दोषाला इंटेलने ‘व्हीमिन शिफ्ट’ असं नाव दिलं.

यात एक गोष्ट आपल्या अंदाजाच्या उलट आहे. सर्वांत जास्त व्होल्टेज सगळे कोअर राबत असताना लागत नाही. एक-दोन कोअर ६ गिगाहर्ट्झकडे झेप घेतात तेव्हा लागतं. म्हणजे वेबपेज उघडताना, किंवा संगणक नुसता चालू ठेवलेला असताना मध्येच एखादं किरकोळ काम आलं की व्होल्टेजचा काटा वर जातो. म्हणूनच नुसती वॅटची मर्यादा लावून हा आजार थांबला नाही.

दुरुस्त्या टप्प्याटप्प्याने आल्या. मायक्रोकोडला षोडशमान पद्धतीचे क्रमांक असतात. १२५ क्रमांकाने, चिप गरम असतानाही वरचा क्लॉक देणारी चूक सुधारली. ऑगस्ट २०२४ मधल्या १२९ ने व्होल्टेजच्या मागणीला १.५५ व्होल्टचं छप्पर घातलं. सप्टेंबरच्या १२बी ने या दोन्ही दुरुस्त्या सामावून घेतल्या आणि रिकाम्या किंवा हलक्या कामातली जादा मागणी आवरली. मे २०२५ मध्ये १२एफ आला, तो दिवसेंदिवस बंद न होता हलक्या कामावर चालणाऱ्या यंत्रांसाठी. १२९ आणि १२बी मुळे वेगात पडणारा फरक नेहमीच्या चाचण्यांत दोन फेऱ्यांमधल्या स्वाभाविक चढउताराएवढाच असतो, असं इंटेलचं म्हणणं. हे मोजमाप इंटेलच्या मूळ सेटिंग्जच्या तुलनेत केलेलं आहे, हे लक्षात घ्यायला हवं. जो माणूस ४०९५ वॅटच्या मोकळ्या रानातून थेट इथे आला, त्याला फरक जास्त जाणवणार, आणि त्यातला मोठा वाटा मायक्रोकोडचा नसून सेटिंग्जचा असणार.

सुरक्षेपायी गेलेल्या वेगाची कथा वेगळी, आणि थोडक्यात सांगण्यासारखी. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर ही दोन छिद्रं जाहीर झाली. पुढच्या कामाचा अंदाज बांधून ते आधीच करून ठेवण्याची जी युक्ती प्रोसेसरला वेग देते, तिच्यातूनच गुपितं गळत होती. उपाय म्हणून त्या युक्तीला लगाम घालावा लागला. ऑगस्ट २०२३ मधल्या डाउनफॉल या छिद्राच्या दुरुस्तीने विखुरलेला डेटा गोळा करणारी एक विशिष्ट सूचना मंदावली. ती फार वापरणाऱ्या काही कामांत पन्नास टक्क्यांपर्यंत फटका बसू शकतो, असं इंटेलने सांगितलं होतं. जो ती सूचना वापरत नाही, त्याला काहीच जाणवत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट हे छिद्र उघड झालं आणि व्होल्टेज कमी-जास्त करण्याची वाटच अनेक लॅपटॉपवर बंद झाली. व्होल्टेज उतरवून लॅपटॉप गार ठेवणाऱ्यांना अपडेटनंतर तो पुन्हा तापलेला आणि मंदावलेला सापडला. बायोसने प्रोसेसरची एखादी क्षमताच काढून घेतल्याचंही उदाहरण आहे: १२व्या पिढीत छोटे कोअर बंद केले की एव्हीएक्स-५१२ च्या सूचना चालायच्या, आणि २०२२ मध्ये नव्या बायोसने तो दरवाजा लावून टाकला. ती सोय इंटेलने जाहिरातीत कधीच दिलेली नव्हती, हेही खरं.

उलटही घडतं. २०१९ मध्ये एएमडीच्या रायझन ३००० मालिकेचे अनेक नग खोक्यावर लिहिलेला वरचा क्लॉक गाठत नव्हते. दोष एएमडीच्या फर्मवेअरमध्ये निघाला. कंपनीने तो मान्य करून सप्टेंबरात दुरुस्ती दिली, आणि नवं बायोस टाकल्यावर साधारण २५ ते ५० मेगाहर्ट्झ परत मिळाले.

मग आपल्या संगणकात नेमकं काय झालंय ते कसं ओळखायचं? आकडा अपडेटच्या आधी घेतलेला असेल तर निम्मं काम झालं. सिनेबेंचसारखी चाचणी एकदाच न चालवता दहा मिनिटं सलग चालू ठेवावी आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडून ठेवावं. त्यात वॅट, तापमान, क्लॉक आणि इफेक्टिव्ह क्लॉक तर दिसतातच, पण इंटेलच्या प्रोसेसरवर कोणत्या मर्यादेने वेग अडवला याच्याही नोंदी ‘होय-नाही’ अशा दिसतात. वीजमर्यादेपुढे ‘होय’ आलं आणि वॅटचा काटा १२५ किंवा ६५ वर येऊन खिळला, तर पीएल१ बदललाय. तापमानापुढे ‘होय’ आलं तर व्होल्टेज वाढलंय किंवा पंखे मंदावलेत. कशापुढेच ‘होय’ नाही, क्लॉक पूर्ण आहे आणि तरी आकडा कमी, तर आधी रॅमचा वेग पाहावा आणि मग ठोके ताणले जातात का ते. तुलना करताना खोलीचं तापमान विसरू नये. अकोल्यात जानेवारीच्या सकाळी घेतलेला आकडा आणि मे महिन्यात दुपारी पंख्याखाली घेतलेला आकडा शेजारी ठेवून बायोसला दोष देण्यात अर्थ नाही. शंभर अंशांचा पहारा आपल्या उन्हाळ्यात तसाही लवकर येतो.

जुनं बायोस परत टाकावं का, हा प्रश्न हमखास येतो. काही बोर्डं ते करूच देत नाहीत. जिथे करता येतं, तिथेही मायक्रोकोड जुना होईलच असं नाही, कारण विंडोज आणि लिनक्सही सुरू होताना स्वतःजवळचा नवा मायक्रोकोड भरू शकतात. शिवाय लिहिणं चालू असताना वीज गेली तर बोर्ड आडवं पडू शकतं, तेव्हा यूपीएसशिवाय या वाटेला जाऊ नये. पण तांत्रिक अडचणीपेक्षा मोठं कारण वेगळं आहे. १३व्या किंवा १४व्या पिढीचा, ६५ वॅट किंवा त्याहून वरचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, तर जुन्या बायोसवर जाणं म्हणजे थोड्याशा वेगासाठी चिपचं आयुष्य पणाला लावणं. ते करू नये. नवं बायोस टाकावं, इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज ठेवावीत, रॅमचं प्रोफाइल चालू करावं, कुलर साफ करून पेस्ट बदलावी, आणि उरलेला फरक सोडून द्यावा. एएमडीवाल्यांनाही हेच लागू. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० च्या एक्स३डी प्रकारातले काही प्रोसेसर बोर्डासकट जळाले, तेव्हा नव्या बायोसने एसओसी व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. ती मर्यादा चुकवण्यासाठी जुन्या बायोसवर जाण्यात शहाणपण नाही.

मायक्रोकोड पुढचं नुकसान टाळतो, झालेलं भरून काढत नाही. नवं बायोस टाकून, मूळ सेटिंग्ज ठेवूनही गेम बंद पडत असतील, मोठ्या झिप फाइल उलगडताना चुका येत असतील, तर तो नग थकलेला आहे आणि कोणतंही सेटिंग त्याला बरं करणार नाही. अशा वेळी बायोसशी झटत बसू नका, प्रोसेसर बदलून मागा. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. खोक्यात विकत घेतलेल्या नगाला आता एकूण पाच वर्षं मिळतात. पहिला १३९००के ऑक्टोबर २०२२ मध्ये विक्रीला आला, म्हणजे अगदी पहिल्या दिवशी घेतलेल्यालाही ऑक्टोबर २०२७ पर्यंत मुदत आहे. दुकानातून तयार संगणक घेतला असेल तर दाद आधी तो बनवणाऱ्याकडे मागावी लागते. बिल शोधून ठेवा, आणि प्रोसेसरच्या खोक्यावरचा क्रमांक फाडून फेकू नका.